ताई चीची घराणी, त्यांचं मूळ आणि त्यांची सरमिसळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताई ची ही चिनी मुष्टियुद्धाची विद्या शिकणारी माणसं पहिल्या वर्षी गुडघ्यांबद्दल विचारतात आणि दुसऱ्या वर्षी घराण्यांबद्दल. गुडघ्यांचं उत्तर सोपं आहे. घराण्यांबद्दल जे प्रश्न सारखे येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं स्वतंत्रपणे वाचता येतील. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नात आलाय, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ताई चीची घराणी किती? सर्वांत जुनं कोणतं?

सर्वसाधारणपणे पाच मानतात: चेन, यांग, वू-हाओ, वू आणि सुन. वयाचा क्रमही हाच. चेन घराणं हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावचं. त्या गावात शिकलेल्या यांग लूचानपासून (१७९९–१८७२) यांग घराणं निघालं. वू यूशियांग (१८१२–१८८०) याच्यापासून पहिलं वू, आणि यांगांकडे शिकलेल्या च्वानयोउपासून (१८३४–१९०२) दुसरं. सुन लूतांग (मृत्यू १९३३) याने पाचवं उभं केलं. आज जगभरच्या बागांमध्ये सकाळी जे दिसतं, ते बहुतेक यांग किंवा यांगमधून काढलेलं असतं (प्र. १५).

ही आडनावांची लेबलं मुख्यतः विसाव्या शतकात रूढ झाली. तेव्हा शहरांत वर्ग निघाले, पुस्तकं छापली जाऊ लागली आणि कोण कुणापेक्षा वेगळं शिकवतो हे सांगायची गरज पडली. पाच घराणी म्हणजे पाच वेगळे उगम, असा समज बहुतेक गोंधळाच्या मुळाशी असतो.

२. दोन ‘वू’ कसे काय? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. चिनी लिपीत ही दोन वेगळी आडनावं आहेत, त्यांचे सूरही वेगळे आहेत, पण देवनागरीत दोन्ही ‘वू’च होतात. म्हणून या पानावर वू यूशियांगच्या परंपरेला ‘वू-हाओ’ म्हटलं आहे. हाओ हे आडनाव त्या परंपरेतल्या हाओ वेइझेनचं (१८४९–१९२०). नुसतं ‘वू’ म्हटलं की च्वानयोउ आणि त्याचा मुलगा वू ज्यानच्वान (१८७०–१९४२) यांचं घराणं समजा. च्वानयोउ मांचू होता. वू हे चिनी आडनाव या कुटुंबाने नंतर घेतलं.

३. हे सगळं खरंच एका गावातून निघालं का?

कागदोपत्री जितकं मागे जाता येतं, तितकं गेलं तर पाचही घराण्यांच्या वाटा वेन परगण्यातल्या चेनजियागोउत, किंवा तिथून काही किलोमीटरवरच्या झाओबाओ या बाजारगावात येऊन मिळतात. चेन कुळाचा मूळपुरुष चेन बू मिंग राजवटीच्या सुरुवातीला शानशी प्रांतातून इथे येऊन वसला. त्याच्या नवव्या पिढीतला चेन वांगतिंग सतराव्या शतकातला. मिंग राजवट कोसळताना तो लष्करी कामात होता, आणि नवी छिंग राजवट आल्यावर गावी परतला. त्याच्या नावावर एक कविता सांगितली जाते. म्हातारपणी जवळ एक ताओ ग्रंथ, मन लागेना की मुष्टियुद्धाचे प्रकार रचायचे, काम आलं की शेत नांगरायचं, असा तिचा आशय.

पण ‘गावातून निघालं’ म्हणजे ‘गावात शून्यातून जन्मलं’ असं नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तांग हाओ हा संशोधक चेनजियागोउत गेला, तिथले कागद पाहिले, आणि त्याने गावातले प्रकार (पवित्र्यांचे ठरलेले क्रम) मिंग सेनापती ची जिग्वांग (१५२८–१५८८) याच्या युद्धशास्त्रावरच्या ग्रंथाशी ताडून पाहिले. सैनिकांची अंगं तयार करण्यासाठी ची जिग्वांगने त्यात बत्तीस पवित्रे दिले होते. त्यातले एकोणतीस चेन गावच्या प्रकारांत सापडतात, असा तांग हाओचा हिशेब. आणि हे बत्तीसही सेनापतीने स्वतः शोधलेले नव्हते. आपल्या काळातल्या निरनिराळ्या मुष्टियुद्ध परंपरांमधून त्याने ते निवडून घेतले होते.

यादी पाहिली की गंमत कळते. तिच्या सुरुवातीलाच अंगरखा खोचण्याचा पवित्रा आहे, लगेच सोन्याचा कोंबडा एका पायावर उभा आहे, पुढे घोडा चाचपणं आहे, एकेरी चाबूक आहे. ताई ची करणाऱ्या कुणालाही ही नावं ओळखीची वाटतील. तेव्हा सर्वांत जुनं, सर्वांत ‘शुद्ध’ मानलं जाणारं चेन घराणंसुद्धा सुरुवातीपासूनच संकलन आहे. सैन्यातले ठोसे, ताओ परंपरेतले श्वासाचे आणि नाडीमार्गांचे विचार, यिन-यांगचं तत्त्वज्ञान या साऱ्याची मोट गावाने बांधली. माझ्या मते गावाचं श्रेय शोधापेक्षा या बांधणीचं आहे, आणि ते मुळीच लहान नाही.

४. मग वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंगचं काय? साप आणि पक्ष्याची झुंज बघून त्याने ताई ची शोधली ना?

गोष्ट सुंदर आहे, पुरावा नाही. झांग सानफेंगचं नाव मुष्टियुद्धाशी जोडणारा जुना महत्त्वाचा मजकूर १६६९ चा आहे. ह्वांग झोंगशी या विद्वानाने वांग झेंगनान नावाच्या योद्ध्याच्या समाधीसाठी तो लिहिला. त्यात ‘अंतर्गत’ विद्या झांग सानफेंगची आणि ‘बाह्य’ विद्या शाओलिनची, अशी विभागणी आहे. त्यात ताई चीचं नाव नाही आणि चेन गावाचंही नाही.

शिवाय वू यूशियांगचा भाचा ली यीयू (१८३२–१८९२) याने १८८१ साली लिहून ठेवलंय की ही विद्या कुणापासून सुरू झाली ते माहीत नाही. यांग लूचानच्याच गावचा, विद्येच्या अगदी आतल्या गोटातला हा माणूस. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पुस्तकांनी झांग सानफेंगला कुलपुरुषाच्या गादीवर बसवलं आणि तो तिथेच राहिला. अनेक वर्गांत त्याची तसबीर असते. असू द्यावी. तसबिरीला कागदपत्र मानू नये, एवढंच.

५. बोधिधर्म भारतातून गेला, म्हणजे ताई चीचं मूळ आपलंच ना?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून हमखास येतो, आणि उत्तराने थोडा हिरमोड होतो. बोधिधर्माची आख्यायिका शाओलिन मठाशी जोडलेली आहे, ताई चीशी नाही. तो तिथे व्यायाम शिकवून गेला, हे ज्या स्नायूंच्या ग्रंथावरून सांगतात, तो ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला. त्याच्या जुन्या म्हणवणाऱ्या प्रस्तावनांमध्ये कालविसंगती आहेत. ताई चीची स्वतःची आख्यायिकाही भारताकडे बोट दाखवत नाही, ती ताओ संन्याशाकडे दाखवते (प्र. ४). श्वास आणि संथ हालचाल यामुळे योगासनांची आठवण होते हे खरं, पण साम्यावरून नातं ठरत नाही.

६. चेन गावची विद्या बाहेरच्या माणसाला मिळाली कशी?

औषधाच्या दुकानामुळे. यांग लूचान हेबेईतल्या ग्वांगपिंग भागातल्या योंगन्येनचा, गरीब घरचा. त्या गावात चेन कुळातल्या लोकांचं औषधी दुकान होतं आणि दुकानाची जागा स्थानिक वू कुटुंबाच्या मालकीची होती. दुकानाच्या ओळखीने यांग लूचान चेनजियागोउला गेला आणि चौदाव्या पिढीतल्या चेन चांगशिंगच्या (१७७१–१८५३) हाताखाली शिकला. रात्री भिंतीआडून चोरून पाहत शिकल्याची कथा सर्वांना पाठ असते. कादंबरीकारांनी ती चांगली फुलवली. गुरूने अनेक वर्षं शिकवल्याशिवाय जे अंगात येऊ शकत नाही, ते चोरून पाहून येईल असं ज्याला वाटतं, त्याने एकदा जोडीने हात ढकलण्याचा सराव करून पाहावा.

या दुकानाच्या जागेचे मालक लक्षात ठेवा. वू यूशियांग त्याच कुटुंबातला. यांग लूचान शिकून परतल्यावर त्याच्याकडे शिकणाऱ्यांत तो होता, आणि परंपरा सांगते की पेइचिंगमध्ये सरकारी नोकरीत असलेल्या त्याच्या भावाने यांग लूचानची राजधानीत शिफारस केली. म्हणजे यांग घराण्याला राजदरबाराचा दरवाजा उघडून देणारे लोक दुसऱ्या घराण्याचे संस्थापक होते. दोन घराण्यांच्या वंशावळी वेगवेगळ्या कागदांवर काढल्या की हे नातं दिसेनासं होतं.

७. चेन आणि यांग एकाच मुळाचे, मग इतके वेगळे का दिसतात?

आज जे यांग म्हणून ओळखलं जातं, ते मुख्यतः लूचानचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने घडवलेलं आहे. मोठे, मोकळे पवित्रे, एकसारखा संथ वेग. पाय आपटणं, उड्या, अचानक फुटणारी ताकद हे सगळं गेलं किंवा आत दडलं. त्याचाच थोरला भाऊ यांग शाओहोउ (१८६२–१९३०) लहान, चपळ, झटकेदार पवित्रे करायचा. एका आईबापाचे दोन मुलगे, एकच विद्या, आणि पाहणाऱ्याला दोन घराणी वाटावीत. चेंगफूच्या पुस्तकांनी आणि शांघायपासून ग्वांगझोउपर्यंतच्या शिकवणीने त्याची पद्धत पसरली. शाओहोउचे शिष्य थोडे होते.

चेन बाजूला ताकदीचा स्फोट, रेशमाचा धागा उलगडावा तशी पीळदार हालचाल आणि कमीजास्त वेग टिकून राहिले. १९२८ मध्ये सतराव्या पिढीतला चेन फाके (१८८७–१९५७) पेइचिंगला आला, तोवर राजधानीतल्या लोकांना ताई ची म्हणजे संथच, एवढंच ठाऊक होतं.

नात्याची खूण बघायची तर क्रम पाहा. चेनमध्ये सुरुवातीलाच अंगरखा खोचणं येतं आणि त्याच्यामागून एकेरी चाबूक. यांगमध्ये त्याच जागी पक्ष्याचं शेपूट धरणं आहे आणि त्याच्यामागूनही एकेरी चाबूकच. वू घराण्यानेही पक्ष्याचं शेपूट ठेवलं, कारण ते यांगांकडून आलं. वू-हाओ आणि सुन मात्र अंगरखा खोचतात. असं का, ते पुढच्या उत्तरात.

८. वू यूशियांग यांग लूचानचा शिष्य, की चेन चिंगपिंगचा?

दोघांचाही. आधी आपल्याच गावात यांग लूचानकडून शिकला. मग १८५२ च्या सुमाराला मूळ गुरूकडेच जावं म्हणून हेनानला निघाला. चेन चांगशिंग तेव्हा ऐंशी ओलांडलेला होता. तेव्हा वू यूशियांग झाओबाओला चेन चिंगपिंगकडे (१७९५–१८६८) गेला आणि महिनाभराहून थोडा अधिक काळ राहून त्याची पद्धत घेऊन आला. प्र. ७ मधल्या अंगरख्याचं उत्तर इथे आहे.

एवढ्याशा मुदतीत काय शिकला असेल, असं विचारणारे विचारतात. पायाभरणी योंगन्येनलाच झाली होती. अशा माणसाला महिना पुरतो. वू-हाओ घराण्याला काही जण ‘यांगची शाखा’ म्हणतात, काही ‘झाओबाओची शाखा’. दोन्ही वाक्यं अर्धी बरोबर आहेत.

९. वांग झोंगयुए कोण? तो कुठल्या घराण्याचा?

तो कुठल्याच घराण्याचा नाही आणि सगळ्यांचा आहे. वू यूशियांगचा एक भाऊ हेनानमधल्या वूयांग इथे अधिकारी होता. तिथल्या मिठाच्या दुकानात ताई चीवरचं एक हस्तलिखित मिळालं, असं वू कुटुंबाची परंपरा सांगते. शानशीचा वांग झोंगयुए हा त्याचा कर्ता. चार औंसांनी हजार पौंड हलवावेत, हलक्या पिसाचाही भार पडू नये, असे आज सगळेच गुरू सांगतात ते विचार या छोट्या मजकुरातले. यांग कुटुंबानेही तो स्वीकारला आणि पुढे सगळीकडे पसरला.

तो मजकूर वांगचा, की वू बंधूंनीच लिहून जुन्या नावावर घातला, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. माझा कल वू बंधूंच्या बाजूने थोडा झुकतो, कारण हे सुशिक्षित, ग्रंथ वाचणारे, शास्त्र लिहिण्याची हौस असणारे लोक होते. पण घराण्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळं आहे. शरीराची विद्या चेन गावातून आली, आणि तिचं सर्वांत मानलं गेलेलं लिखित शास्त्र योंगन्येनच्या वू घरातून बाहेर पडलं. आज चेन गावातले शिक्षकही ही वचनं सांगतात. विद्या ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने शास्त्र परत आलं.

१०. च्वानयोउ यांग लूचानचा शिष्य होता, की त्याच्या मुलाचा?

शिकला लूचानकडे. औपचारिक शिष्य मात्र लूचानचा मुलगा यांग बानहोउ (१८३७–१८९२) याचा झाला. लूचान राजघराण्यातल्या मंडळींना शिकवत होता. पहारेकऱ्यांपैकी असलेल्या च्वानयोउने त्यांचा गुरुबंधू होणं शोभलं नसतं, म्हणून त्याला एक पायरी खाली बसवलं, असं सांगतात. वंशावळीतली एक पिढी कधीकधी अशी शिष्टाचारातून तयार होते.

११. सुन लूतांगने तीन विद्या एकत्र केल्या. मग त्याला ताई ची म्हणायचं का?

म्हणायचं. सुन लूतांग ताई चीकडे आला, तेव्हा शिंगयी आणि बाग्वा या दोन मुष्टियुद्ध परंपरांमध्ये त्याचं नाव झालेलं होतं. शिंगयीत तो ग्वो युनशेनच्या आणि बाग्वात चेंग तिंगह्वाच्या परंपरेत तयार झाला. १९१० च्या दशकात हाओ वेइझेन पेइचिंगला आला आणि आजारी पडला. सुनने त्याची शुश्रूषा केली आणि हाओने उपकार म्हणून विद्या दिली. त्या वेळी सुन पन्नाशीचा होता. त्याचं ताई चीवरचं पुस्तक १९२१ साली निघालं.

सुन पद्धतीत पाऊल पुढे गेलं की मागचं पाऊल लगेच त्याच्यामागे जातं. यात शिंगयीची सवय लोकांना दिसते आणि वळणांमध्ये बाग्वाची. पण सांगाडा हाओचाच आहे, अंगरखासुद्धा तिथलाच. आपल्याकडे गजाननबुवा जोशींनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतली, म्हणून त्यांच्या गाण्याला ख्याल म्हणायचं की नाही असा प्रश्न कुणी विचारत नाही. सुनच्या बाबतीतही तेवढाच समंजसपणा दाखवायला हरकत नाही.

१२. घराणी एकमेकांपासून गुप्त ठेवत होती ना? मग सरमिसळ झाली कुठे?

गुप्ततेच्या गोष्टी जास्त रंगवल्या जातात. १९१२ मध्ये पेइचिंगमध्ये शू यूशेंगने शारीरिक शिक्षणाची एक संशोधन संस्था काढली. यांग शाओहोउ, यांग चेंगफू, वू ज्यानच्वान आणि सुन लूतांग हे चौघेही तिथे शिकवत. एकाच संस्थेत तीन घराणी शिकवली जात असताना विद्यार्थी एका वर्गातून उठून दुसऱ्यात जाणारच. यानंतर १९२८ मध्ये नानजिंगला राष्ट्रीय मुष्टियुद्ध संस्था निघाली आणि ताई ची खुल्या वर्गांतून शिकवणं सगळीकडे नेहमीचं झालं. १९३५ मध्ये वू ज्यानच्वानने शांघायमध्ये स्वतःची संस्था काढली.

१३. झाओबाओ हे सहावं घराणं का धरत नाहीत?

काही जण धरतात. झाओबाओवाले आपली परंपरा चेन वांगतिंगकडून न आणता ज्यांग फा नावाच्या गुरूकडून आणतात. त्यांच्या वंशावळीत तो वांग झोंगयुएचा शिष्य असतो, आणि चेन चिंगपिंग बराच खाली येतो. चेन गावाचं म्हणणं असं की चेन चिंगपिंग आपल्याच कुळातला, आपल्याच गावात शिकून झाओबाओला जाऊन राहिलेला. ज्यांग फाचं नाव चेनांच्या कथेतही आहे, पण तिथे तो चेन वांगतिंगचा सेवक किंवा मित्र असतो.

मला चेन गावाची बाजू अधिक पटते, कारण दोन गावं इतकी जवळ असताना, पवित्र्यांचा क्रम इतका सारखा असताना, दोन स्वतंत्र उगम मानण्यासाठी फारच भक्कम पुरावा लागेल. तरीही चेन चिंगपिंगच्या शिष्यांमधून हो झाओयुआनची पद्धत आणि आणखी काही वेगळ्या चालीच्या पद्धती निघाल्या. त्यांना स्वतंत्र नाव असायला कुणाची हरकत असू नये.

१४. चेनमध्ये ‘जुनी चौकट’, ‘नवी चौकट’, ‘लहान चौकट’ म्हणतात. जुनी म्हणजे मूळची का?

इथे बहुतेक जण घसरतात. चौकट म्हणजे पवित्रे करण्याची ढब. आज ‘जुनी चौकट’ म्हणतात ती चेन चांगशिंगच्या परंपरेतली. ‘नवी चौकट’ चेन फाकेची. त्याचा मुलगा चेन झाओक्वेइ (१९२८–१९८१) १९७० च्या दशकात गावी येऊन वडिलांची पद्धत शिकवू लागला. तोवर गावात चेन झाओपेइ (१८९३–१९७२) याने शिकवलेलं रुळलं होतं. आलेलं वेगळं दिसलं म्हणून त्याला ‘नवी’ म्हटलं आणि आधीचं आपोआप ‘जुनी’ झालं.

गुंता इथे संपत नाही. एकोणिसाव्या शतकात चेन योउबेनच्या पद्धतीलाही ‘नवी’च म्हणत. आज तिला ‘लहान चौकट’ म्हणतात. म्हणजे जुन्या पुस्तकात ‘नवी चौकट’ वाचलं, तर लेखकाचा काळ पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका.

१५. आमच्या वर्गात २४ हालचाली शिकवतात. हे कुठलं घराणं?

कुठलंच नाही, पण अंग यांगचं आहे. १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग चेंगफूच्या लांब प्रकारातून पुनरावृत्त्या काढून हा छोटा प्रकार बांधला. शाळा-कारखान्यांत पटकन शिकवता यावा हा उद्देश. त्यामागे वंशपरंपरा नाही, समिती आहे. पुढे ४८ हालचालींचा प्रकार आला. १९८९ चा ४२ हालचालींचा स्पर्धा प्रकार तर उघडपणे चेन, यांग, वू आणि सुन एकत्र करून केलेला आहे.

‘समितीचं’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. आज ताई ची करणाऱ्यांतल्या पुष्कळांचा पहिला परिचय याच चोवीसमधून झाला, हे त्यांनी ध्यानात घ्यावं.

१६. माझे शिक्षक यांग शिकवतात, पण त्यांचे गुरू दुसऱ्या घराण्यातही शिकले होते. मग माझं यांग ‘अस्सल’ आहे का?

विचारण्याजोगा प्रश्न, पण काळजी करण्याजोगा नाही. दोंग यिंगज्ये (१८९८–१९६१) यांगांच्या वंशावळीत मानाने बसतो, आणि यांग चेंगफूकडे येण्याआधी तो हाओ परंपरेत शिकला होता. झेंग मानचिंग (१९०२–१९७५) यांग चेंगफूचा शिष्य. त्याने लांब प्रकार ३७ हालचालींवर आणला आणि तोच अमेरिकेत नेला. त्याला काही जण यांग म्हणतात, काही जण वेगळं नाव देतात.

शिक्षकाला तीन गोष्टी विचारा: कुणाकडे शिकलात, किती काळ, आणि स्वतः काय बदललंत. तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं तर जरा सावध व्हा. यांग चेंगफूनेही बदल केले होते.

१७. कुणी स्वतःला ‘चेन, एकोणिसावी पिढी’ म्हणवतो आणि कुणी ‘यांग, पाचवी पिढी’. एकोणिसाव्याची विद्या जास्त जुनी का?

मोजणी वेगळ्या ठिकाणाहून आहे. चेन पिढ्या कुळाच्या आहेत, चेन बूपासून मोजलेल्या. विद्येची सुरुवात मानला जाणारा चेन वांगतिंगच नववा. यांगांची मोजणी लूचानपासून. त्यामुळे जवळपास एका वयाचे दोन पुरुष, चेन फाके आणि यांग चेंगफू, यांतला एक सतरावा आणि दुसरा तिसरा होतो.

कुळाची पिढी आणि शिष्यत्वाची पिढीही वेगळी. चेन आडनाव नसलेला माणूस कुळाच्या पिढीत बसू शकत नाही, तरी त्याच्या गुरूच्या पिढीला एक मिळवून त्याला पुढची पिढी म्हणतात. शिवाय गुरूला नमस्कार करून, चहा देऊन औपचारिक शिष्यत्व घेतलेला आणि वर्गात दहा वर्षं नुसता शिकलेला, यांतला पहिलाच वंशावळीत येतो. विद्या मात्र कधीकधी दुसऱ्याकडे जास्त असते. प्र. १० मधल्या च्वानयोउचा हिशेब आठवा.

१८. तांगछुन गावच्या ली कुळाच्या वंशावळीत म्हणे ताई ची चेनांच्या आधीपासून आहे. मग सगळं बदललं का?

ही हेनानमधल्याच बोआई परगण्यातली गोष्ट. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या ली कुळाची वंशावळ पुढे आली. तिची प्रस्तावना १७१६ ची असल्याचं सांगतात. ली कुळातले दोन पुरुष आणि चेन वांगतिंग हे नात्यातले, शपथबंधू, आणि तिघांनी स्थानिक ताओ मंदिरात विद्या घडवली, असा त्यात दावा आहे. तो खरा धरला तरी काळ सतराव्या शतकाचाच राहतो आणि जागाही त्याच पट्ट्यातली. बदलतो तो मान कुणाला द्यायचा हा प्रश्न. वंशावळीच्या अस्सलपणावर अभ्यासकांचं एकमत नाही. चेनांच्या वंशावळीतल्या नोंदी तपासताना जी काटेकोर नजर लावली, तीच इथेही लावावी, एवढंच मी म्हणेन.

१९. वुदांग ताई ची कुठल्या घराण्यात?

पाचांपैकी एकाही नाही. आज वुदांग पर्वतावर शिकवलं जाणारं बरंचसं गेल्या काही दशकांत पुन्हा उभं केलेलं आहे. दिसायला देखणं आहे, शिकायला हरकत नाही. ‘मूळ ताई ची’ म्हणून विकलं जात असेल तर प्र. ३ आणि ४ वाचा.

२०. मी यांग करतो. आता चेनही सुरू करू का? दोन्ही बिघडतील का?

बिघडतात, पण सुरुवातीलाच दोन्ही धरली तर. यांगमध्ये ताकद सपाट आणि सलग वाहते, चेनमध्ये ती पिळून साठवून सोडायची असते. अंगाला एक सवय लागायच्या आत दुसरी घातली की कमरेचं वळण कुठून सुरू करायचं हेच कळेनासं होतं. एक प्रकार न आठवता पूर्ण करता येऊ लागला आणि जोडीदाराबरोबर हात ढकलण्याचा सराव स्थिर झाला, की दुसऱ्याकडे जा. वू-हाओ आणि सुन ही जोडी मात्र एकमेकांना फार कमी त्रास देते, चौकट जवळची आहे.

वय जास्त असेल किंवा गुडघे बोलत असतील तर सुन आधी पाहा, पवित्रे उंच असतात. चेनची खोल बैठक आणि पाय आपटणं नंतर ठेवा, आणि आपटताना टाच आधी टेकवू नका.